निरोगी, स्त्री

दूधविनायक, वाराणसी
२६ सप्टेंबर २०२४

देवश्रीताई,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट कुठेतरी कोपऱ्यात भिरकावणार, मला पक्कं ठाऊक आहे. तरी लिहितेय. फोनवर तू मला ब्लॉक करून ठेवलंस, ईमेलला उत्तर नाही. शेवटी पुण्याला तुझ्या मावशींना फोन केला तर त्या बिचाऱ्या अवघडल्या. म्हणाल्या, "ती बोलायची नाही गं तुझ्याशी. पत्र टाक, मी तिच्या टेबलावर ठेवीन."

आधीच सांगते, माफी मागायला बसलेली नाही. यज्ञेशदादाच्या तेराव्याला मी जे बोलले ते आजही बोलेन. गंगेत वाढलेला माणूस कार्तिकातल्या शांत पाण्यात असा बुडत नाही, त्याच्या हृदयाचंच काहीतरी बिनसलं असणार, चिरफाड करून बघायला हवं होतं. तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "माझा भाऊ म्हणजे तुझा प्रबंध नाही, चालती हो." मी चालती झाले. दर राखीला त्याच्या मनगटावर तुझ्या राखीशेजारी माझीही असायची, हे तुला त्या दिवशी आठवलं नाही. असो.

कामाचं लिहिते. विद्यापीठात आपल्या विभागात आता मी कुणाचीतरी दीदी झालेय, हस पोटभर. वरच्या वर्गातल्याने खालच्याला हाताशी धरून संशोधन शिकवायचं, ही आपली जोड्यांची पद्धत अजून चालू आहे. तू मला धरलंस, मी ईशानीला धरलं. सोनारपुऱ्याची पोर आहे, मराठीत सुरू करते आणि हिंदीत संपवते, आणि प्रश्न विचारून भंडावून सोडते. पहिले तीन महिने मी तिला तेच करायला लावलं जे तू मला लावलंस. मशीनच्या वर भिंतीला लावलेली ईसीजीची पट्टी रोज बघायची. "नॉर्मल काय ते डोळ्यांत मुरलं पाहिजे, मग वेडंवाकडं आपोआप टोचतं." हे तुझंच वाक्य, मी तुझ्याच आवाजात म्हणते.

गेल्या आठवड्यात ईशानी घाटांवरच्या पोहणाऱ्यांच्या पट्ट्या काढून आली. तोंड उतरलेलं. म्हणाली, "दीदी, सगळे आजारी आहेत. एक भी ठीक नहीं है." मी म्हटलं, अगं कार्टे, गंगा पोहून जाणारी धट्टीकट्टी माणसं ती, त्यांना काय झालंय? तर तिने एकेक पट्टी भिंतीवरच्या पट्टीखाली धरून दाखवली. प्रत्येकाची शेवटची लाट लवकर येत होती. प्रत्येकाची. मी खूप हसले. हसता हसताच थांबले, कारण सगळ्या घाटाचं हृदय चुकलेलं आणि भिंतीवरचं एकटंच बरोबर, असं कसं होईल गं?

मग मी भिंतीवरची पट्टी पट्टीसारखी न बघता पेशंटसारखी बघितली. मोजली. ताई, ती नॉर्मल नाहीये. आपण दोघी इतकी वर्षं ठोक्या-ठोक्यांतलं अंतर मोजत आलो, आपलं कामच तेवढं होतं. ठोका पडून गेल्यावर हृदय पुन्हा तयार व्हायला किती वेळ घेतं, ते शेपूट कुणी बघितलंच नाही. आणि तीच पट्टी दाखवून आपण पुढच्यांचे डोळे तयार करत राहिलो.

एका हृदयविकाराच्या डॉक्टरीणबाईंना नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "ही कोण? जन्मजात दोष आहे, घराण्यात उतरतो. एरवी हिला काही कळायचंही नाही. पण थंड पाण्यात जोर लावला की लय एकदम बिघडते, शुद्ध जाते. ही पोहत तर नाही ना?"

जुनी पट्टी फिकी पडली म्हणून ही नवी तू लावलीस. खाली तुझ्याच अक्षरात लिहिलंय, 'निरोगी, स्त्री'. नाव नाही. घराण्यात पाण्याने माणसं गेलेली कुणाच्या? तुझ्या. तेव्हा मशीनपाशी दिवसदिवस कोण बसायचं? तू.

पुण्यात तू रोज पोहायला तलावावर जातेस, मावशींनी सांगितलं. जाऊ नकोस. आधी कुणाला तरी दाखव. मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पण पाण्यात उतरू नकोस.

नीरजा

•

दूधविनायक
९ ऑक्टोबर

देवश्रीताई,

उत्तर नाही. बरं. भिंतीशी बोलायची सवय तू लावलीच आहेस.

पट्टी मी उतरवून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि पुस्तकातली एक नवी लावली. उपयोग शून्य. ती माझ्या बोटांत बसलीय. चहा उकळेपर्यंत ओट्यावर बोटं वाजवते तर तीच लय, तोच शेवटी जरासा उशीर. आई ओरडते, "काय टकटक लावलीयस, घरात अवदसा आणशील." काल मी ईशानीला फळ्यावर नॉर्मल ईसीजी काढून दाखवत होते. काढून झाल्यावर ती म्हणाली, "दीदी, तुम्ही परत तीच काढली." बघते तर खरंच तीच. माझा हात दुसरी काढायलाच तयार नाही. तू शिकवलेलं किती पक्कं बसलंय बघ.

रामघाटावर तुझ्या घरी गेले होते. म्हटलं, सीताकाकू तुझ्या आई आहेत, त्या तरी ऐकतील. मला वाटलं होतं दारातूनच परत पाठवतील, तर उलट जवळ बसवलं, साबुदाण्याची खिचडी दिली. काका ओसरीवर बसून होते. दादा गेल्यापासून ते कुणाशीच बोलत नाहीत म्हणे.

मी काकूंना स्पष्टच विचारलं, तुमच्याकडे आजवर कोण कोण बुडलं? त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, "आमच्याकडे बुडला म्हणत नाहीत. हाक येते." काकूंच्या सासऱ्यांच्या बहिणीला आली, मग काकूंच्या एका दिरांना, मग दादाला. सगळे पट्टीचे पोहणारे. काकू हे सगळं गहू निवडत, पाहुण्यांची नावं सांगावीत तसं सांगत होत्या.

मी मंगरूकडे गेले. त्या दिवशी त्याची नाव तिथेच होती ना. तो म्हणाला, भैया मस्त हात मारत चालले होते, धारेत मधेच थांबले, मान वळवली, जणू घाटावरून कुणी बोलावलं. घाटावर तर कुणीच नव्हतं. मग भैया काहीतरी बोलले आणि खाली गेले. मंगरूला तो शब्द अजून पाठ आहे, मला विचारत होता, "बहिनी, ये 'आलो, आलो' माने का होत है?"

मी त्याला अर्थ सांगितला. सांगायला नको होता, त्याने लगेच कानाच्या पाळ्यांना हात लावला.

हे बघ, शुद्ध जाताना कानात आवाज येतात. मेंदूला रक्त कमी पडलं की येतात. हे मी लिहिते आणि मला पटतंही. दिवसा तर नक्कीच पटतं.

तुमच्या घरची ती वाळूची रीत काकूंनी सांगितली. पाण्याने माणूस गेला की वर्षश्राद्धाच्या सकाळी घरातल्या एकाने पोहून पार जायचं आणि उस पारची मूठभर वाळू आणायची, त्याशिवाय पिंडाला हात लावत नाहीत. नावेतून आणलेली चालत नाही. मी म्हटलं, काकू, कोण आणणार? त्या म्हणाल्या, "देवश्री येईल की."

देवश्री येईल की! डोकं फिरलंय का तुमच्या सगळ्यांचं? ताई, ते हृदय घेऊन तू नोव्हेंबरच्या पाण्यात उतरणार? मी तुला उतरू देणार नाही, हे लिहून ठेव.

नीरजा

•

दूधविनायक
२४ ऑक्टोबर

ताई,

काकूंना मी सगळं समजावलं. पट्टी नेऊन दाखवली, बोट ठेवून दाखवली, देवश्रीताईची आहे, पाण्यात गेली तर परत येणार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी पट्टी हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "माझ्या पोरीचं काळीज असं दिसतं होय." मग डोळे पुसले. मलाही रडू आलं. नंतर त्यांनी एवढंच विचारलं, "घरचंच माणूस लागतं. मानलेलं चालेल का, गुरुजींना विचारून बघते."

तर ठरलंय. वाळू मी आणणार. कल्पना माझीच, काकूंवर राग धरू नकोस. म्हणजे विषय त्यांनी काढला, पण 'मी जाते' हे शब्द माझ्याच तोंडून निघाले. त्यांनी कधी मला ये म्हटलं नाही. नको मात्र एकदाच म्हणाल्या, तेही हळू.

आणि का नको जाऊ मी? राखी बांधलीय त्याला. मला सख्खा भाऊ नाही, दादाने कधी ते जाणवू दिलं नाही. माझ्या घरात कुणी पाण्याने गेलेलं नाही, आम्ही सगळे अंथरुणावर खोकत खोकत मरणारे. पोहायला मला त्यानेच शिकवलं, तू तर काठावर बसून हसायचीस, "ही बघा म्हैस निघाली." म्हैस आता पार जाणार आहे.

रोज सकाळी मुन्शी घाटावर सराव करते. आपल्या बाजूला केला तर दूधविनायकातल्या चार काकवा आईला जाऊन सांगतील. मंगरू नाव घेऊन सोबत असतो. पाणी गार आहे, पण छाती भरून येते. मधल्या धारेत गेलं की घाटाचा आवाज एकदम बंद होतो, तुला आठवतं? घंटा, भोंगे, सगळं. कुणीतरी दार लोटून घेतल्यासारखं होतं.

ईशानी माझ्या मागे लागलीय. म्हणते, "दीदी, सब तैराकों की निकाली, आपकी भी निकालते हैं." मी म्हटलं, मला काय धाड भरलीय? आधी आहेत त्या पट्ट्या नीट मोज. मला तिथे झोपून वेळ घालवायला सवड कुठे आहे. तशी हट्टी आहे, बघू.

तू मात्र एक अक्षर लिहीत नाहीस. रागाची पण काही हद्द असते यार. मावशी म्हणाल्या की पत्रं तुझ्या टेबलावर तशीच पडलीत, बंद. खोटं असेल असं मी धरून चालतेय.

नीरू

•

रामघाट
६ नोव्हेंबर

ताई,

पत्ता वाचून चमकलीस ना? दिवाळीपासून मी तुमच्याच घरी आहे. आईला सांगितलंय की प्रकल्पाचं काम रामघाटाच्या वेदशाळेत आहे, पहाटेपासून असतं म्हणून तिथेच राहते. अगदीच खोटं नाही.

काकू मला काही म्हणजे काही करू देत नाहीत. सकाळी न्हायला तेल-उटणं, जेवायला गरम गरम वाढणं. दादाची खोली दिली आहे. भाऊबीजेला त्याच्या फोटोला मी ओवाळलं, काकूंनी फोटोच्या वतीने मला साडी दिली, मोतिया रंगाची. मग गुरुजींनी छोटासा विधी केला. माझं गोत्र विचारलं, ते सोडल्याचं माझ्याकडून वदवून घेतलं आणि तुमचं दिलं. पाणी सोडताना काका उठून आत निघून गेले. काकूंनी मला कुंकू लावलं, म्हणाल्या, "झालीस हो तू आमच्या घरची. आता तिकडेही तसंच धरतील." मी विचारलं, तिकडे म्हणजे? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "श्राद्धाला गं."

त्यांना मी एकदा सहज विचारलं, आजवर वाळू आणायला गेलेली माणसं नीट परत आली ना? म्हणाल्या, "वाळू येते हो दर वेळी." आणि करंजी पुढे केली.

खरं सांगू? इतकं लाडाने माझ्याशी घरी कुणी वागत नाही. म्हणून जास्त विचारत नाही.

आता एक सांगते, हसू नकोस. काल अर्ध्याहून जरा पुढे गेले होते, हात छान पडत होते, आणि कुणीतरी म्हणालं, "नीरू." स्पष्ट. बाईचा आवाज. खरं तर तुझाच. मी मान वळवली असणार. पुढचं मला आठवत नाही. नंतर आठवतंय ते आभाळ, आणि नावेच्या कडेवरून डोकावणारा मंगरू. म्हणाला, "बहिनी, आप चित होके बह रही थीं, हम समझे आराम कर रही हैं." मीही हो म्हटलं. थकले असेन. सकाळी काही खाल्लं नव्हतं, काकूंनी पोहून येईपर्यंत उपास सांगितलाय.

मी ओ दिली होती का, ते मात्र मंगरूला विचारायची हिंमत झाली नाही.

ईशानीला हे सांगितलं नाही. लगेच वायरी घेऊन धावत येईल. विभागातही हल्ली जात नाही, फोनवरूनच तिची मापं तपासते. पोरगी हुशार आहे. तिने सगळ्या पट्ट्या पुन्हा मोजल्या आणि सगळे पोहणारे ठणठणीत निघाले.

रात्री दादाच्या खोलीत झोप लागत नाही. खिडकीतून पंचगंगा घाटावरचे आकाशदिवे दिसतात. उशीवर कान ठेवला की स्वतःचा ठोका ऐकू येतो आणि त्यात मला तुझी पट्टी ऐकू येते. तोच उशीर. तुझं हृदय माझ्या कानात वाजतंय असं वाटतं. घाबरून कूस बदलते.

तुला काही होऊ द्यायचं नाही, एवढंच डोक्यात आहे.

नीरू

•

रामघाट
१४ नोव्हेंबर

ताई,

हे शेवटचं. एकादशीपासून फोन काकूंकडे दिलाय, संकल्प सोडलेल्याने बाहेर बोलायचं नसतं. पत्र लिहू नये असं कुणी म्हटलं नाही, म्हणून लिहितेय. काका बाहेर जाणार आहेत, त्यांच्या हाती स्पीड पोस्टाने पाठवते. पाकीट हातात घेऊन ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "पोरी, घरी जा," म्हणाले. मी म्हटलं, काका, आता हेच घर. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीकडे बघू लागले.

वीस तारखेला, सूर्य वर आला की उतरायचं. काकू म्हणाल्या, तू त्याच दिवशी गाडीने येतेयस. ऐकून इतका आनंद झाला म्हणून सांगू. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पायऱ्यांवर उभी राहा, तोंड फिरवून उभी राहा, पण कोरडी राहा. तुला वाळू आणावी लागणार नाही. माझ्याकडून एवढं घे आणि मग आयुष्यभर रुसून बस, माझी ना नाही.

भीती वाटतेय का? वाटतेय. पाण्याची नाही, आवाजाची वाटते. त्यानंतर दोनदा आला. तू शिकवलंस की एकदा आलं तर योगायोग म्हणावं, दोनदा आलं तर लक्ष द्यावं, तिसऱ्यांदा आलं तर मोजायला बसावं. पण हे कशाने मोजू, सांग ना. ईशानीला बोलवावंसं वाटलं होतं, पण काकू म्हणाल्या, आता अंगाला तारा-बिरा लावायच्या नाहीत, शुद्ध राहायचं.

माझं प्रेम होतं गं तुझ्यावर, आहे. तू चालती हो म्हणालीस तेव्हा मी घाटावर जाऊन ढसाढसा रडले होते, हे तुला कधी कळू द्यायचं नव्हतं. आता कळलं तर कळू दे. मला दुसऱ्या कुणी असं हाताला धरून शिकवलेलं नाही.

तुझी
नीरू

•

गाडीतून
२० नोव्हेंबर, सकाळ

नीरू,

तुझी सगळी पत्रं आज उघडली. मावशीने निघताना पिशवीत कोंबली, मी पुणं सोडल्यापासून त्यांच्याकडे न बघता बसले होते. मिर्झापूरला चहा घेतला आणि म्हटलं, रामघाटावर ती समोर येईलच, तिने काय लिहिलंय ते तरी माहीत असावं. पहिलं पत्र वाचलं आणि हातातला चहा सांडला.

ती पट्टी माझी नाही. तुझी आहे.

तू विभागात आलीस त्या पहिल्या आठवड्यात मी तुला टेबलावर झोपवून मशीन शिकवत होते, आठवतं? तू हसत होतीस, मी म्हटलं हलू नकोस गं. हललीस नाहीस. इतकी स्वच्छ पट्टी मी तोवर काढली नव्हती. जुनी फिकी झालीच होती, मी तुझी लावून टाकली. नाव लिहायचं नसतं म्हणून लिहिलं नाही. सांगायचं राहून गेलं, मग गंमत वाटायला लागली की ही वेडी स्वतःच्याच हृदयावर शिकतेय आणि हिला पत्ता नाही. पुढे विसरूनच गेले. तुझ्या बोटांत बसलेली लय, उशीवर कान ठेवून ऐकलेली लय, ती तुझीच होती गं.

माझी मी दादा गेल्यानंतर काढली होती. तू तेराव्याला बोललीस तेव्हा राग आला, पण ऐकलं होतं मी. आई, बाबा, मी, तिघांच्या काढून पुण्याच्या डॉक्टरांना दाखवल्या. आम्ही सगळे ठणठणीत आहोत. आमच्या घरच्या माणसांना काय होतं ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

आणि मी वाळू आणणार नव्हतेच. आईला वर्षभर आधी सांगितलं होतं, म्हणून तर पळाले. माझ्या बुडालेल्या काकांची वाळू आणायला माझे दुसरे काका गेले होते. ते परतताना बुडाले, त्यांच्या मुठीतली वाळू नावाड्याने आणून दिली. त्यांच्या आधी आत्याआजीची आणायला गेलेला मुलगाही असाच. वाळू येते, आई खोटं बोलली नाही. आमच्याकडे दर वेळी घरातलं एक जातं आणि त्याच्यामागून वाळू आणायला आणखी एक जातं. तुला ती हे सांगणार नाही हे मला कळायला हवं होतं. तुला गोत्र कशासाठी दिलं, ते शेवटचं पत्र वाचताना कळलं, आणि मला माझ्या आईची किळस आली.

तुझ्या फोनवर फोन लावला. आईने उचलला. मी ओरडले, आई, नीरू कुठाय? म्हणाली, "ती केव्हाची गेली घाटावर. छान दिसत होती साडीत, मग पोहायचे कपडे घातले." मी सांगितलं, ती पट्टी तिची आहे, हृदय तिचं बिघडलंय, धाव, थांबव, मंगरूला हाक मार, तिला नावेत ओढायला सांग. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अस्सं. म्हणजे तिला मुळातच होतं काहीतरी. मग आपण काही केलं असं होत नाही." मी रडत होते, डब्यातले लोक बघत होते. आई म्हणाली, "संकल्प झालाय, बाळा. तू सरळ घरी ये. घाटाकडे नको जाऊस." आणि फोन ठेवला. नंतर तो बंदच आहे. बाबा उचलत नाहीत. विभागात सकाळी कोण असणार. ईशानीचा नंबर माझ्याकडे नाही, पाकिटावर कुठे लिहिलाय का म्हणून सगळी पाकिटं उलटीपालटी केली. पोलिसांच्या नंबरावर लावला, घाटाचं नाव सांगितलं, त्यांनी बघतो म्हटलं.

मुगलसरायला गाडी बदलून धावत ही पकडली. पळत होते तेव्हा बरं होतं. आता बसलेय आणि काही करता येत नाही, म्हणून लिहितेय. तुझ्या हातात देईन. तू वाचशील आणि मला शिव्या देशील, भरपूर दे.

राजघाटच्या पुलावर गाडी सिग्नलला थांबलीय. डावीकडे सगळा घाट उजळलाय, ऊन चांगलं वर आलंय. खिडकीला डोकं लावून बघतेय. आपल्या घाटासमोर, मधल्या धारेत एक छोटी नाव आहे. कुणाचीही असू शकते, सकाळी चिक्कार नावा असतात, बाकीच्या सगळ्या चालल्या आहेत. ती एकटी इकडेही येत नाही आणि तिकडेही जात नाही. त्यातला माणूस उभा राहून पाण्यात बघतोय.